साधी पोलो की टीएसआय?

मामा : बेस मॉडेलच घ्यायचं असलं तर पोलो कशाला घेतीस? तेवढ्या पैशात मोठ्या डिकीची, कमी पळालेली दुसरी गाडी येतीय. पोलो घ्यायची तर टर्बोचीच घ्यावी.

भाची : मामा, पोलो म्हणजे नुसतं इंजिन नाही. दार लावताना येणारा तो भरीव आवाज, ताशी शंभरला रस्त्यावर बसलेली गाडी, वळणावर हाताला समजणारं स्टिअरिंग, हे सगळं साध्या मॉडेललाही आहे. बॉडी तीच आहे. फक्त टर्बो नाही.

मामा : फक्त टर्बो न्हाई म्हणजे? बाजरीची भाकरी हाय, फक्त बाजरी न्हाई, असं म्हणतीस तू.

हा वाद आमच्या घरात, टेंभुर्णीत, गेले काही आठवडे चालू आहे. मामा म्हणजे माझे मेहुणे, ते ऊस वाहतुकीच्या धंद्यात आहेत. भाची म्हणजे माझी मुलगी, ती चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. स्वतःच्या पगारातून पहिली गाडी घ्यायची, ती जुनी घ्यायची आणि पोलोच घ्यायची, इथपर्यंत तिचं पक्कं आहे. प्रश्न फक्त कुठली पोलो, साधी की टर्बोवाली टीएसआय, एवढाच.

पोलोला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर जाणकार नाक मुरडतील. पण पगारदार माणसाच्या आवाक्यातली, चालवण्याच्या आनंदासाठी घ्यावी अशी गाडी म्हटली की महाराष्ट्रात पहिलं नाव याच गाडीचं निघतं. याच पोलोच्या रॅली अवताराने २०१३ ते २०१६ अशी सलग चार वर्षं जागतिक रॅली स्पर्धा जिंकली. आपल्याकडे ती चाकणच्याच कारखान्यात तयार झाली. २०१० मध्ये बाजारात आली आणि २०२२ मध्ये बंद झाली. म्हणजे आता मिळेल ती जुनीच, आणि जपून वापरलेली पोलो विकायला मालकाचा हात लवकर धजत नाही.

डिझेलच्या गाड्या आमच्या चर्चेत आल्याच नाहीत. पेट्रोलमध्ये साधारण तीन वाटा आहेत. पहिली साधी, टर्बो नसलेली. तिला आधी १.२ लिटरचं ७५ अश्वशक्तीचं इंजिन होतं, नंतर १ लिटरचं ७६ अश्वशक्तीचं आलं. दुसरी २०१३ मध्ये आलेली जीटी टीएसआय, १.२ लिटर टर्बो, १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तिसरी २०२० नंतरची १ लिटर टर्बो, ११० अश्वशक्ती, सहा गिअरची, मॅन्युअल किंवा ऑटोमॅटिक. या तिसरीची गंमत अशी की तिचं इंजिन साध्या गाडीसारखंच तीन सिलिंडरचं आणि ९९९ सीसीचं आहे. पण साध्या इंजिनाचा टॉर्क ९५ न्यूटन-मीटर आणि टर्बोचा १७५. जवळजवळ दुप्पट. त्यामुळे हे बिल्ल्याचं किंवा मिश्र धातूच्या चाकांचं वेड आहे असं म्हणून मेहुण्यांना उडवून लावता येत नाही.

मामा : तू आकडे सांगतीस, मी रस्ता सांगतो. डिसेंबरात कुर्डुवाडी रोडला ये. पुढं डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर, त्याच्या पुढं उसाची अंगद गाडी, त्याच्या पुढं बार्शीकडं निघालेला भरलेला ट्रक. ट्रॅक्टरला कुणीही काढतंय. खरी कसोटी त्या ट्रकला हाय. तो पन्नास-साठनं चाललाय, तू मागं अडकलीस, समोरचा रस्ता मोकळा दिसला. आता गाडीनं उचल घेतली पाहिजे. तिथं बेस मॉडेल नुसतं ओरडतंय, सरकत न्हाई.

भाची : सरकतं. एक गिअर खाली टाकला की सरकतं.

मामा : सरकतंय, पण दोन सेकंद उशिरा. त्या दोन सेकंदात समोरनं येणारा कुठं पोचला, ते बघ की.

हा मुद्दा मी वहीत मांडून पाहिला. दोन गाड्या ताशी ८० किलोमीटरने समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातलं अंतर दर सेकंदाला सुमारे ४४ मीटरने घटतं. दोन सेकंद म्हणजे ८८ मीटर. चुकीच्या बाजूला असताना ८८ मीटर हातात असणं आणि नसणं यात फार मोठा फरक आहे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर जास्त ताकद चैनीसाठी नसते, धोक्याच्या बाजूला कमी वेळ राहण्यासाठी असते. मेहुण्यांचं हे म्हणणं मला पूर्ण पटतं. टर्बो म्हटलं की आपल्याकडे पोरं गाड्या उडवतात एवढंच डोळ्यांसमोर येतं आणि हा उपयोग कुणी बोलून दाखवत नाही.

मुलगीही गप्प बसणारी नाही.

भाची : तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो त्याच ओव्हरटेकचा आहे. साध्या गाडीत मी तो ओव्हरटेक मारणारच नाही. पुढचा मोठा मोकळा पट्टा येईपर्यंत ट्रकच्या मागे थांबेन. टर्बो असली की माणूस लहान फटीतही घुसतो, कारण गाडी निघेल याची त्याला खात्री असते. वाचलेले दोन सेकंद तो खिशात ठेवत नाही, पुढच्या ओव्हरटेकला खर्च करून टाकतो.

मामा : म्हणजे दोष माणसाचा, गाडीचा न्हाई.

भाची : गाडी माणूसच चालवतो ना. आणि टर्बोचं आणखी एक आहे. चौथ्या गिअरला, कमी आरपीएमला गाडी रेंगाळत असेल आणि तुम्ही एकदम दाबलं, तर टर्बो भरायला क्षणभर लागतो. तो क्षण नेमका तुम्ही उजवीकडे निघाल्यावर येतो. गिअर आधी टाकायची सवय नसेल तर टर्बोवालाही फसतो.

मामा : ते खरं हाय. पण सवय लागती. नसलेली ताकद कुठनं आणणार?

इथे मला मध्ये बोलावं लागलं. मेहुणे गाडी निवडतायत ती स्वतःच्या रस्त्यांसाठी. करमाळा, कुर्डुवाडी, अकलूज हा त्यांचा रोजचा टापू. मुलगी चाकणला राहते. तिचा आठवडा जातो चाकणच्या चौकात कंटेनरच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. गावी येते ती पुणे-सोलापूर महामार्गाने, आणि तो दुभाजकाचा चौपदरी रस्ता आहे. तिथे समोरून कुणी येण्याचा प्रश्न नाही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा रस्त्यावर कारला ताशी १०० ची मर्यादा आहे, आणि साधी पोलो १०० ला अगदी निवांत चालते.

मामा : दाजी, महामार्गाला लागायच्या आधीचं चाकण ते शिक्रापूर विसरलात का? तिथं कुठला दुभाजक?

भाची : मामा, शिक्रापूर रोडला ओव्हरटेक करायला फट तर मिळाली पाहिजे. तिथे तुमची जीटी आणि माझी साधी गाडी एकाच ट्रेलरच्या मागे उभ्या असतील.

माझ्या मते जुन्या गाडीच्या निवडीत सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं. आपण गाडी निवडतो ती वर्षातून चार वेळा येणाऱ्या प्रवासासाठी. महाबळेश्वरचा घाट, लग्नाला कोल्हापूर, एखादी गोव्याची ट्रिप डोळ्यांसमोर ठेवतो आणि उरलेले सगळे दिवस त्या निवडीचा भार वाहतो. चाकणच्या कोंडीचा भार तर थेट गिअरबॉक्सवर पडतो.

जीटी टीएसआयच्या डीएसजीमध्ये कोरडे क्लच आहेत. म्हणजे क्लचच्या चकत्या तेलात बुडालेल्या नसतात, त्यांची उष्णता वाऱ्यावरच जाते. महामार्गावर हा गिअरबॉक्स लोण्यासारखा चालतो. शून्य ते शंभरला ९.७ सेकंद, हा कंपनीचा दावा त्याच्याच जोरावर होता. पण कोंडीत गाडी फूट-फूट सरकत राहिली की क्लच अर्धवट घसरत राहतात आणि तापतात. शिवाय गिअर बदलणारं मेकॅट्रॉनिक नावाचं युनिट बिघडलं तर खर्च छातीत धडकी भरवणारा असतो. याच घराण्यातल्या सात गिअरच्या डीएसजीपायी २०१३ मध्ये चीनमध्ये पावणेचार लाखांहून जास्त गाड्या माघारी बोलवाव्या लागल्या होत्या. प्रत्येक गिअरबॉक्स बिघडतोच असं नाही. नीट चाललेल्या जीटी भरपूर आहेत. पण उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात आणि चाकणच्या कोंडीत ती जोखीम जास्त, हे उघड आहे.

मेहुण्यांनी हे पूर्ण मान्य केलं. त्यांचा हट्ट टर्बोसाठी आहे, ऑटोमॅटिकसाठी नाही.

मामा : मग ती सहा गिअरची हाताची घे. टर्बो बी आली, क्लच बी तुझ्या पायाखाली.

भाची : मिळाली तर. आणि मिळाली तरी आधी कोण चालवत होतं? साधी पोलो कोण घेतं? शाळेतले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, घरातली दुसरी गाडी म्हणून घेणारे. टर्बो घेणाऱ्यांतले निम्मे तरी माझ्याच वयाचे असणार आणि त्यातले काही रीमॅप करून घेणार. आमच्या ओळखीत अशा गाड्या आहेत. संगणकातला प्रोग्रॅम बदलला की तेच इंजिन जास्त दाब घेतं, जास्त टॉर्क देतं. विकायची वेळ आली की मूळ प्रोग्रॅम परत टाकतात. स्कॅनर लावला तरी सगळं दिसेलच असं नाही. पण क्लच, टर्बो, इंजिनाचे माउंट यांनी सोसलेलं असतं, ते पुसता येत नाही.

मामा : ते मी हुडकतो. तू फक्त मला तिथं ने.

ते हुडकतात हे मी पाहिलं आहे. जुनी गाडी बघायला जातात तेव्हा इंजिनाकडे सर्वांत शेवटी जातात. आधी चारही टायरांपाशी उकिडवं बसून बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचतात. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३२१९’ असेल तर टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. चार टायर चार कंपन्यांचे निघाले तर मालकाने जिथे दिसत नाही तिथेही काटकसर केली असणार, असं ते धरून चालतात. मग कूलंटची टाकी बघतात. पोलोत कूलंट गुलाबी हवं, गंजट तपकिरी किंवा नुसतं पाणी नको. टर्बोकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांच्या सांध्यांवर बोट फिरवून तेल पाझरतंय का ते पाहतात. गाडी चालवताना मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला दोन हजार आरपीएमवरून पूर्ण दाबतात. आरपीएम झपकन वर गेला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. आणि या सगळ्याची सुरुवात इंजिन थंड असताना, म्हणजे मालकाने आपण यायच्या आधी गाडी चालू करून गरम केलेली नसताना. बॉनेटला हात लावून गरम लागलं तर ते चहा पिऊन परत येतात, गाडी निवेपर्यंत.

मुलीने यात तिच्या पेशातली भर घातली. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात झडपांवर कार्बन साचतो, कारण तिथे पेट्रोल धुवायला येत नाही. म्हणून टीएसआय घेताना थंड इंजिन सुरू झाल्यावर ते थरथरतं का, हे तिच्या यादीत पहिलं आहे. साध्या इंजिनात पेट्रोल झडपांच्या मागेच फवारलं जातं, त्याला ही तक्रार नाही.

मग पैशाचा विषय निघाला, आणि इथे दोघंही थोडे चकले. दोघांना वाटत होतं की टर्बोचा विमा महाग असणार. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो, अश्वशक्तीवर नाही. २०२२ च्या दराने १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये. म्हणजे ९९९ सीसीची ११० अश्वशक्तीची टीएसआय स्वस्त गटात, आणि जुनी १.२ लिटरची ७५ अश्वशक्तीची साधी पोलो महाग गटात. मायलेजही कागदावर एक लिटरच्या दोन्ही मॅन्युअल गाड्यांचं अठराच्या आसपासच आहे. टर्बोवाल्याचा पाय तेवढं देऊ देत नाही, ही गोष्ट वेगळी.

पेट्रोलवरून मेहुणे एकदम हळवे झाले. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि त्यातलं इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाचं असू शकतं.

मामा : आपल्याच उसावर आपलीच गाडी पळती. त्यात काय वाईट?

भाची : वाईट नाही, पण या गाड्या त्या मिश्रणासाठी बनलेल्या असतीलच असं नाही. वीस टक्क्यांना चालणारं साहित्य वापरायचा नियम एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांना लागला, पोलो त्याआधीच बंद झाली. मायलेज थोडं घटणार, रबरी नळ्या आणि सील जास्त वेळा तपासावी लागणार. साधी असो की टर्बो, दोघींनाही.

सुरक्षिततेवर मात्र मी कुणालाच मोकळीक देणार नाही. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या भारतीय पोलोची धडक चाचणी घेतली आणि तिला शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या त्याच गाडीला चार तारे मिळाले. त्यानंतर कंपनीने सगळ्या पोलोंना दोन एअरबॅग दिल्या. म्हणजे २०१० ते २०१३ मधलं स्वस्तातलं बेस मॉडेल कितीही कमी पळालेलं असो, ते आमच्या दारात येणार नाही. यात मेहुण्यांना आणखी एक मुद्दा मिळाला. जीटी टीएसआयला ईएसपी आहे. ओल्या रस्त्यावर गाडी घसरू लागली की ते एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरतं. स्वस्तातल्या साध्या मॉडेलला ते नाही. मुलीने लगेच सांगितलं की मागची चाकं मात्र दोन्हीकडे ड्रम ब्रेकचीच आहेत. ताकद वाढवली, मागचे ब्रेक तेच ठेवले. हा तिचा टोला मला रास्त वाटतो.

हा वाद आमच्याच घरातला आहे असंही नाही. पोर्शने १९९६ मध्ये बॉक्सस्टर आणली आणि पुढे २००० च्या सुमारास २.७ लिटरची साधी आणि ३.२ लिटरची ‘एस’ अशा दोन गाड्या एकाच वेळी विकल्या. तेव्हापासून जगभरात जुनी बॉक्सस्टर घेणारे याच प्रश्नावर अडतात. एक बाजू म्हणते, साधी गाडी पूर्ण ताकदीने चालवण्यात जी मजा आहे ती मोठी गाडी अर्ध्या ताकदीने चालवण्यात नाही. दुसरी म्हणते, एकदाच घ्यायची तर वरचीच घ्यावी, नाहीतर मनात कायम तीच घोळत राहते. पहिलं म्हणणं मुलीचं, दुसरं तिच्या मामाचं, शब्दसुद्धा जवळपास तेच.

माझं मत मी दोघांना सांगून टाकलं आहे. चाकणच्या रस्त्यांसाठी डीएसजीची जीटी नको. ती मेहुण्यांनी स्वतःसाठी घ्यावी, त्यांच्या रस्त्यांवर तिचं चीज होईल. मुलीसाठी माझी पहिली पसंती २०२० नंतरच्या सहा गिअरच्या मॅन्युअल टीएसआयला, कारण घरी आल्यावर ती आजीला घेऊन पंढरपूरला आणि मावशीकडे बार्शीला जातेच, आणि तिथे मामाचे दोन सेकंद खरे आहेत. पण अट एक. गाडी एकाच मालकाची हवी, सर्व्हिसची सगळी बिलं हवीत, आणि गाडीचे पैसे देऊन झाल्यावर तिच्या खात्यात एका क्लचचे, चार टायरांचे आणि विम्याचे पैसे शिल्लक राहायला हवेत. हे उरत नसेल तर टर्बो परवडत नाही, मग ती कितीही स्वस्त मिळो. अशा वेळी मुलीची साधी पोलोच योग्य, आणि तिच्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. नुसती आरसी नावावर करून भागत नाही. कर्जाचा बोजा उतरल्याचा बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय टोकनही द्यायचं नाही, हे दोघांनाही बजावलं आहे.

मुलगी अजून पटलेली नाही. तिचं म्हणणं, बाबांनी मधला मार्ग काढला तो कागदावर. पिंपरी-चिंचवडमध्ये तिने दोन गाड्या हेरून ठेवल्या आहेत. दोन्ही एमएच १४, दोन्ही २०२१ च्या. एक साधी, एक मॅन्युअल टीएसआय.

मामा : मग दोन्ही चालवून बघ. पण एकटी बसून न्हाई. चार माणसं, एसी चालू, डिकीत सामान. एकट्यानं चालवली की सगळ्याच गाड्या पळत्यात.

भाची : चालेल. पण दोन्ही गाड्या त्याच रस्त्यावर, त्याच चढाला, त्याच माणसांनी भरलेल्या. आणि साधी चारही जणांना घेऊन नीट चढली, तर मग तुम्ही पुन्हा टर्बोचं नाव काढायचं नाही.

मामा : काढणार न्हाई. आणि तुला दुसऱ्या गिअरला उतरावं लागलं तर?

भाची : तर टीएसआयची बिलं मागवते. सर्व्हिसची सगळी, एकही न वगळता.